रिकामं म्हणजे हो नव्हे

आमच्या तारमास्तरांना 'झालं' या उत्तराचा भयंकर राग यायचा. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर अकोल्याच्या तारघरातला माझा पहिला दिवस जरा बरा गेला असता. पण सांगणार कोण? नव्या माणसाची फजिती बघायला सगळेच टपलेले. मास्तर म्हणाले, "जाय रे, मांगच्या खोलीतलं घड्याळ चालू हाय का पाहून ये." मी लगबगीनं गेलो, घड्याळ पाहिलं, लगबगीनं परत आलो आणि टाचा जुळवून म्हणालो, "झालं, साहेब."

"काय झालं?"

"पाहून आलो."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "तू गेला ते मले दिसलं. वापस आला तेही दिसून राहिलं. मी तुले घड्याळीचं इचारलं होतं."

"दहा वाजून दहा मिनिटं झालीत."

"चालू हाय का?"

आता खरं सांगतो, काटा हलतोय की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. घड्याळाकडे पाहिलं की वेळ बघायची, एवढंच माझ्या डोक्यात. पुन्हा गेलो. घड्याळ ठार बंद. बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं, पलीकडच्या खोलीत माणसं जेवणाचे डबे उघडत होती, आणि मी साहेबाला छातीठोकपणे दहा-दहाची वेळ सांगून आलो होतो. असा मी हुशार.

हे सगळं साठ सालाच्या अलीकडचं-पलीकडचं. मास्तर मूळचे पातूरकडचे. ठेंगणे, काळेसावळे, आणि अंगात बाराही महिने गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. अकोल्याच्या मे महिन्यात जिथं कुत्री मोरीत जाऊन पडतात, तिथं हा माणूस कोटात बसून सुपारी कातरायचा. मी एकदा न राहवून विचारलं, "मास्तर, गरम होत नाही का?" ते म्हणाले, "होते." आणि पुन्हा कामाला लागले. मी विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं. कोट का घालता हे मी विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तारेच्या धंद्यातून आलेलं. आपण किल्ली खटखटवून मजकूर पाठवायचा, पलीकडच्या गावातल्या माणसानं तो उतरवून घ्यायचा आणि 'पोचलं' अशी खूण परत खटखटवायची. ती खूण येईपर्यंत तार गेली असं धरायचं नाही. हे आम्ही सगळेच पाळायचो, पण कामापुरतं. मास्तर घरीदारी पाळायचे, देवळातसुद्धा पाळायचे. राजराजेश्वराच्या देवळात एकदा पुजाऱ्यानं त्यांच्या नावानं अभिषेक केला, तर त्यालाही म्हणाले, "सांगतलं का देवाले? काय म्हनला?" पुजारी बिचारा अजून कुठेतरी विचारात पडलेला असेल.

"उत्तर तीन जातीचं असते," ते सांगायचे. "एक हाव. एक नाही. आन एक रिकामं. हाव आलं, पुढं जाय. नाही आलं, थांब. रिकामं आलं तर समज का मधात काहीतरी तुटलं हाय, आन पाहाले निघ. लोकं काय करतात, रिकामं आलं का त्याच्यात आपल्या मनचं भरतात."

चपराशी समोरच्या हॉटेलात चहा सांगून आला की त्याची उलटतपासणी ठरलेली.

"सांगतला?"

"सांगतला."

"हॉटेलवाला काय म्हनला?"

"मान हालवली."

"उभी का आडवी?"

"आता बाप्पा, मान ते मान. हालली!"

"जाय, पुन्हा जाय."

चहा तोवर गार होऊन टेबलावर आलेला असायचा. मास्तर तो गार चहा समाधानानं प्यायचे. आमचा जीव जायचा.

दुसरा नियम, उत्तर आधी झेलायचं आणि मग तपासायचं. समोरचा बोलतोय तोवर अर्थ लावत बसायचं नाही. जे आलं ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हणायचं, आणि मग बघायचं की आपण विचारलं त्याचं हे उत्तर आहे का. "आंधी झेल, मंग तपास," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या हातून झेल सुटला नाही असा दिवस नसावा. माझी खोड अशी, की अर्धं ऐकायचं आणि पुढचं मनानं पुरं करायचं. आणि माझं मन म्हणजे काय, सदा लापशीच्या जेवणावर बसलेलं. सगळं गोडच ऐकू यायचं.

उत्तराच्या मागंपुढं लागलेला पालापाचोळा झाडायचा, हेही त्यांचंच. 'तसं पाहिलं तर', 'आता तुमी म्हनता म्हनून', 'काय सांगू बावा' असलं सगळं उडवून लावायचे. पण मधला दाणा हलला तर खपवून घ्यायचे नाहीत.

रविवारी ते मला घरी जेवायला बोलवायचे. एकटा माणूस खानावळीत पोट बिघडवून घेतो म्हणून. तिथं तिसरा नियम कळला. मास्तर ताटावरून हाक द्यायचे, "भाजीत मीठ हाय का वं?" त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ओसरीच्या दारात येऊन अदबीनं म्हणायच्या, "हाय." मग आत जाऊन चुलीपाशी पुटपुटायच्या, "जीभ झडली वाटते मानसाची." मास्तर माझ्याकडे वळायचे. "आयकलं? वसरीवर 'हाय' आलं. चुलीपासून तक्रार आली. दोन्ही खरं हाय. पन दोन्ही एका भांड्यात झेलले तर तुले काहीच समजणार नाही. अलग अलग घे."

मी मान डोलावली. आडवी का उभी ते आठवत नाही.

माझी खरी परीक्षा पातूरच्या तारेनं घेतली. एका वादळी दुपारनंतर मास्तर म्हणाले, "पातूरले इचार, लाईन बरी हाय का." मी किल्लीवर विचारलं. काही आलं नाही. पुन्हा विचारलं, काही आलं नाही. मी निश्चिंत मनानं जाऊन सांगितलं, "बरी आहे, मास्तर. त्यांची काही तक्रार नाही."

"तक्रार नाही असं ते म्हनले?"

"म्हणाले काहीच नाहीत. म्हणजे तक्रार नाहीच ना?"

मास्तरांनी हातातली सुपारी खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाले, "अरे बावा, मेलेला मानूस तक्रार करते का?" वाटेत बाभळीची फांदी पडून तार तुटली होती. मी तुटलेल्या तारेला बरी ठरवून आलो होतो. त्या दिवसापासून तारघरात माझी ओळख 'तक्रार नाही' अशी झाली. नवा माणूस आला की सांगायचे, हे आमचे तक्रार-नाही.

एवढं शिकून शहाणा झालो असेन असं कुणाला वाटेल. छे! मी लग्न ठरवायला निघालो.

माझं लग्न म्हणजे नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं, फक्त नकटी मी. दात जरा पुढं, नोकरी पाळीची. मुलीकडचे पाहून जायचे, "कळवतो" म्हणायचे, आणि त्यानंतर सामसूम. आई नसलेल्या मुलाचं करणार कोण? ते अमरावतीच्या मामांनी अंगावर घेतलं. त्यांनी अंबापेठेतल्या एका वकिलांची मुलगी शोधून काढली. मॅट्रिक झालेली, शांत, घरकामात तरबेज, असं मामा म्हणाले. आम्ही पाहायला गेलो.

मुलगी पोहे घेऊन आली आणि खाली मान घालून बसली. मामांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का, बाळ?" वकीलसाहेब म्हणाले, "सगळा येतो." मामांनी विचारलं, "पुढं शिकायचं मनात आहे का?" वकीलसाहेब म्हणाले, "होतं. मॅट्रिक झाली, आता पुरे." मामांनी विचारलं, "मुलगा कसा वाटला?" वकीलसाहेब हसले. "लाजते हो! आमच्या घरात पोरींना उलटून बोलायची सवय नाही." मी तेवढ्यात पोह्यांवर लिंबू पिळायला गेलो आणि सगळी पिचकारी माझ्याच डोळ्यात. डोळे चोळत वर पाहिलं तर तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला होता. झालं! त्या कोपऱ्यावर मी दोन खोल्यांचं बिऱ्हाड थाटलं, पाळणा टांगला, मुलांची नावंसुद्धा ठेवली. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, माझं तर घोट्याला होतं.

पंधरवड्यानं मामांनी तार केली, आणि दैवयोग बघा, ती तार मीच उतरवून घेतली. 'मुलीकडचे राजी.' आनंदाच्या भरात मी 'पोचलं'ची खूण दोनदा दिली. पलीकडचा अमरावतीचा माणूस वैतागला असेल. मी धावत जाऊन पेढे आणले आणि तारघरभर वाटले. मास्तरांपुढं पेढा धरला तर त्यांनी हात पुढं केला नाही. म्हणाले, "तार वाच."

"मुलीकडचे राजी."

"मुलीकडचे राजी," ते मोठ्यानं म्हणाले. "बरं. झेललं. आता तपास. याच्यात मुलगी कुठी हाय?"

"मुलीकडचे म्हणजे मुलगी आलीच ना, मास्तर!"

"मुलगी काय म्हनली?"

"ती काही 'नाही' म्हणाली नाही."

हे बोललो आणि माझं मलाच पातूर आठवलं. मास्तर मात्र हसले नाहीत. "रिकामं हाय, गड्या," एवढंच म्हणाले.

मला इतका संताप आला की काय सांगू! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी होकार दिला होता आणि हा कोटवाला माणूस त्याला फाटे फोडत होता. मी म्हणालो, "मास्तर, तारेचं तारेत ठेवा. लग्नं अशीच होतात. कोण विचारतं मुलीला?"

"नाही इचारत."

"आणि मी विचारलं, आणि नाही आलं, तर?"

"तर नाही आलं."

"मग माझं काय?"

मास्तर पुन्हा सुपारी कातरू लागले. रविवारी जेवायला गेलो तेव्हा मी पुन्हा विषय काढला, म्हटलं काकू तरी माझी बाजू घेतील. मी ओसरीवर बसून तावातावानं सांगत होतो की बायका अशा बाबतीत बोलत नसतात, गप्प बसणं हेच त्यांचं हो असतं. आतून भांड्यांचा आवाज थांबला. काकू चुलीपासून म्हणाल्या, "मले कोनी इचारलं नोतं." आवाजात ना राग ना रुसवा. भाकरी थापता थापता बोलावं तसं बोलल्या. मास्तरांचा अडकित्ता हातात तसाच राहिला. त्या रविवारी जेवताना त्यांनी मिठाचं काही विचारलं नाही. हात धुताना मी म्हणालो, "मास्तर, विचारून येऊ. पण तुम्ही बरोबर चला." एकट्यानं जायची माझी छाती नव्हती.

अमरावतीला वकिलांच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो. मामा, मी, आणि कोटातले मास्तर. मामांना वाटलं तिथी धरायला आलो. मास्तरांनी हात जोडले. "वकीलसाहेब, तुमचं उत्तर पोचलं. मोठी मेहरबानी. मुलीचं तेवढं राह्यलं हाय."

वकीलसाहेब पहिल्यांदा हसले. "अहो, मौनं संमतिलक्षणम्."

"कोर्टात साक्षीदार गप बसला, तर तुमी त्याची साक्ष धरता का?"

वकीलसाहेबांचं हसू मावळलं. चिडले असावेत, पण माणूस पेचात सापडला होता. त्यांनी आत हाक मारली. मुलगी येऊन दाराच्या चौकटीशी उभी राहिली. मास्तर म्हणाले, "बाई, याले तुमाले एक इचाराचं हाय." आणि माझ्याकडे बघू लागले.

माझी दातखीळ बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुम्हाला अकोल्याचा उन्हाळा सोसेल का?"

ती काहीच बोलली नाही. कोण बोलेल? मास्तर हळूच पुटपुटले, "रिकामं. पुन्हा पाठव."

मी डोळे मिटले आणि एका दमात म्हणालो, "तुम्हाला माझ्याशी लग्न करायचं आहे का?"

मी डोळे उघडले तेव्हा ती सरळ माझ्याकडे बघत होती. मोठे, स्वच्छ डोळे. मागच्या खेपेला माझ्या डोळ्यांत लिंबू होतं, मला दिसलेच नव्हते.

"नाही," ती म्हणाली.

झाडायला त्याच्या मागंपुढं काही पालापाचोळा नव्हता. वकीलसाहेब ताडकन उठले. "पोरकट आहे ती! तिचं काय ऐकता? माझा शब्द आहे तुम्हाला. तिथी धरा." मामाही घाईघाईनं म्हणाले, "अरे, लग्न झालं की रुळतात पोरी. तू मनावर घेऊ नको." आणि खोटं कशाला सांगू, मला ते पटावंसं वाटलं. फार वाटलं. नुसती मान हलवायची होती, उभी. बाप राजी, मामा राजी, मी तर कधीचाच राजी. पुढच्या महिन्यात ती माझ्या घरात पोहे करत असती. मी मास्तरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते, अंगणातल्या तुळशीकडे बघत होते. सगळं माझ्यावर टाकून.

मी तिला म्हणालो, "नाही म्हणालात."

"हो."

"पोचलं," मी म्हणालो आणि उठलो. "वकीलसाहेब, उत्तर आलं. तिला रागावू नका, मीच विचारलं होतं."

मामा कपाळाला हात लावून तिथंच बसून राहिले. आम्ही दोघं निघालो. फाटकापर्यंत आलो तर ती मागून तरातरा आली, बापाच्या देखत. म्हणाली, "राग धरू नका. मला ट्रेनिंगला जायचंय, मास्तरीण व्हायचंय. आतापर्यंत किती जण पाहून गेले. विचारलं ते तुम्हीच." एवढं बोलून गेलीसुद्धा. आणि माझं नशीब बघा, पोह्यांच्या दिवशी मन जडलं होतं ते पोह्यांवर, लिंबावर, ओठाच्या कोपऱ्यावर. तिच्यावर माझा जीव जडला तो त्या फाटकाशी, नकार घेतल्यानंतर. इतका गाढव माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही.

बडनेऱ्याला गाडीला अवकाश होता. ऊन मी म्हणत होतं. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. मास्तरांनी सुपारी काढली, पुन्हा खिशात ठेवली. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "लय लागलं का रे मनाले?"

मी बोलायला गेलो आणि आवाजच फुटेना. मान हलवायचीही ताकद नव्हती. डोळे भरून आले, म्हणून मी रुळांकडे तोंड फिरवलं. आता मास्तर म्हणणार, रिकामं आलं, पुन्हा सांग. मी वाट बघत राहिलो.

मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. ते बाकावर थोडे माझ्याजवळ सरकले आणि गाडी येईपर्यंत तसेच बसून राहिले. गाडी आल्यावर माझी पिशवी त्यांनीच उचलली.